डु बॉइस यांच्या शब्दांना सूर देणारी स्त्री : मार्गारेट बाँड्स

१९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांच्या वतीनेही तसेच पाऊल उचलावे, असा विचार त्यामागे होता. डु बॉइस यांनी त्याच महिनाअखेरीस उत्तर पाठवले आणि अस्पृश्यांच्या लढ्याविषयी आपली पूर्ण सहानुभूती कळवली. हा पत्रव्यवहार आपल्या चळवळीत आता बऱ्यापैकी माहीत झाला आहे. जयंतीच्या भाषणांत तो येतो, व्हॉट्सॲपवरही फिरतो.

याच डु बॉइस यांच्या एका गद्यकाव्याला एका कृष्णवर्णीय स्त्रीने संगीत दिले आणि ते पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी लिहून काढले, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. पियानोवादक, संगीतकार आणि नाटकांना संगीत देणाऱ्या या स्त्रीचे नाव मार्गारेट बाँड्स. त्यांच्याविषयी आम्ही हा लेख लिहितो आहोत तो केवळ ओळख करून देण्यासाठी नाही. ज्या समाजाला शाळेत, वसतिगृहात, सभागृहात जागा नाकारली गेली, त्या समाजातील कलावंत स्त्रीचे काम टिकते कसे आणि हरवते कसे, हे त्यांच्या आयुष्यातून फार स्पष्ट दिसते.

मार्गारेट यांचा जन्म ३ मार्च १९१३ रोजी शिकागोत झाला. वडील डॉ. मनरो मेजर्स हे डॉक्टर आणि लेखक. कर्तबगार कृष्णवर्णीय स्त्रियांची चरित्रे एकत्र करणारे त्यांचे पुस्तक १८९३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. आई एस्टेला बाँड्स चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या आणि घरी संगीत शिकवायच्या. मार्गारेट लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. मुलगी आईकडे राहिली आणि पुढे तिने आईचेच आडनाव लावले.

वंचित समाजातील कलावंत म्हटले की झोपडी, उपासमार आणि मग अचानक यश, अशी गोष्ट ऐकायची आपल्याला सवय झाली आहे. ही गोष्ट तशी नाही. बाँड्स यांच्या घरात पैसा बेताचा असला तरी पियानो होता, पुस्तके होती आणि माणसांचा राबता होता. समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात ते या घरात भरपूर होते. शिकागोच्या दक्षिण भागातील त्या घरी कृष्णवर्णीय गायक, कवी, नाटकवाले येत, जेवत आणि अडचणीत असले तर मुक्कामही करत. फ्लॉरेन्स प्राइस या संगीतकार घटस्फोटानंतर मुलींसह काही काळ याच घरात राहिल्या आणि मार्गारेट यांना त्यांनी संगीतरचना शिकवली.

या घरातला एक प्रसंग आम्हाला फार मोलाचा वाटतो. एखाद्या स्पर्धेची मुदत जवळ आली की फ्लॉरेन्स प्राइस यांची रचना वेळेत पूर्ण व्हावी म्हणून ओळखीपाळखीचे कृष्णवर्णीय संगीतकार आणि विद्यार्थी एस्टेलाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती जमत. मोठ्या ऑर्केस्ट्रात प्रत्येक वाद्याला त्याच्या भागाचा वेगळा कागद लागतो आणि ते सगळे कागद हातानेच उतरवून काढावे लागत. ज्याला स्वरलिपी लिहिता येई तो लेखणी घेऊन बसे. मार्गारेट यांनी पुढे ही आठवण सांगितली आहे. सिम्फनी म्हटले की एकट्या प्रतिभावंताचे चित्र डोळ्यांपुढे येते, पण ती अशी स्वयंपाकघरातही तयार होत होती.

१९३२ मध्ये कृष्णवर्णीय संगीतकारांसाठीच्या वानामेकर स्पर्धेत फ्लॉरेन्स प्राइस यांच्या सिम्फनीला पहिले पारितोषिक मिळाले आणि गीतांच्या गटात त्यांच्या विद्यार्थिनीला, मार्गारेट यांना. पुढच्या वर्षी, १५ जून १९३३ रोजी, शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली ती सिम्फनी वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी अमेरिकेतील मोठ्या ऑर्केस्ट्राने वाजवण्याची ती पहिली वेळ. त्याच कार्यक्रमात वीस वर्षांच्या मार्गारेट यांनी जॉन आल्डन कार्पेंटर यांची रचना पियानोवर सादर केली. या ऑर्केस्ट्राबरोबर एकल वादन करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत मानल्या जातात. गुरू आणि शिष्या, दोघी एकाच रात्री, एकाच मंचावर होत्या.

मंचावर हे घडत असताना त्या शिकत होत्या ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ त्यांना कसे वागवत होते, तेही पाहिले पाहिजे. १९२९ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यांना तेथे प्रवेश मिळाला. वर्गात बसता येत होते, परीक्षा देता येत होती. पण वसतिगृहात राहता येत नव्हते आणि विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. दोन्ही देशांची व्यवस्था वेगळी, इतिहास वेगळा, हे आम्ही विसरत नाही. तरी पाणी बाटते ही समजूत दोन्हीकडे सारखीच कशी, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. डॉक्टरची मुलगी, पारितोषिक मिळवलेली, उत्तम इंग्रजी बोलणारी, यातले काहीही तलावाच्या दाराशी उपयोगाचे नव्हते. आर्थिक स्थिती सुधारली की भेदभाव आपोआप जातो असे आजही आपल्याला सांगितले जाते. त्याला हे एक जुने उत्तर आहे.

त्या काळात इव्हॅन्स्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात कवितांची पुस्तके चाळताना त्यांना लँग्स्टन ह्यूज यांची नद्यांवरची प्रसिद्ध कविता सापडली. आफ्रिकेच्या आणि अमेरिकेच्या नद्यांशी कृष्णवर्णीय माणसाचे प्राचीन नाते सांगणाऱ्या त्या कवितेने आपल्याला त्या वातावरणात सुरक्षित वाटले, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. १९३३ मध्ये पदवी आणि १९३४ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊनच त्या तेथून बाहेर पडल्या. ह्यूज यांची प्रत्यक्ष भेट १९३६ मध्ये झाली. तेव्हा सुरू झालेली मैत्री ह्यूज यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक टिकली. त्या नद्यांच्या कवितेलाही त्यांनी चाल दिली आणि ते त्यांचे सर्वांत गाजलेले गीत ठरले. त्यांनी फ्रान्सच्या ख्यातनाम संगीतशिक्षिका नाद्या बुलांजे यांना हे गीत दाखवून शिकवण्याची विनंती केली. बुलांजे यांनी नकार दिला. तुमच्याकडे जे आहे ते चांगले आहे, कोणाकडेही शिकू नका, असा त्यांचा सल्ला होता. हा प्रसंग कौतुक म्हणून सांगितला जातो, आणि ते कौतुक होतेही. पण शिकायला आलेल्या माणसाला तुला शिकण्याची गरज नाही असे सांगितले की त्याच्या हाती नेमके काय पडते, हा प्रश्न आम्हाला छळतो. मार्गारेट बाँड्स शिकायच्या थांबल्या नाहीत. पुढे न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संस्थेत त्यांनी पियानो आणि रचना दोन्हींचे शिक्षण घेतले.

१९३९ मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या. शिकागोत त्यांनी मुलांसाठी कलाशाळा काढली होती, पण मंदीच्या काळात ती चालली नाही. न्यूयॉर्कमध्ये पोट भरण्यासाठी एका संगीत प्रकाशकाकडे संपादनाचे काम धरले, लोकप्रिय गाणी लिहिली, क्लबमध्ये वाजवले, शिकवण्या घेतल्या, जेराल्ड कुक यांच्याबरोबर दोन पियानोंचे कार्यक्रम केले. १९४० मध्ये लॉरेन्स रिचर्डसन यांच्याशी विवाह झाला, पुढे मुलगी झाली. आणि या सगळ्याच्या जोडीला नाटक होते.

नाटकाला संगीत देणे म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे, कारण बाँड्स यांचा हा पैलू सर्वांत कमी बोलला जातो. नाटकाचा संगीतकार मैफलीच्या संगीतकारासारखा एकांतात बसून लिहीत नाही. संहिता हाती आली की कोणत्या प्रवेशात गाणे, कोठे नुसते सूर, कोठे शांतता, हे दिग्दर्शकाबरोबर ठरते. मग तालमी सुरू होतात आणि तेथे पियानोला बसते तीच व्यक्ती. नटाचा आवाज वरच्या सुरापर्यंत जात नाही, म्हणून गाणे खालच्या पट्टीत आणायचे. नेपथ्य बदलायला अर्धा मिनिट जास्त लागते, म्हणून तेवढे संगीत वाढवायचे. आज रात्री बदललेला कागद उद्या सकाळी सगळ्या वादकांच्या हाती हवा. पियानोवर घट्ट हुकूमत, झरझर लिहिणारा हात आणि माणसे सांभाळण्याची हातोटी, अशा तिन्ही गोष्टी लागतात. बाँड्स यांच्याकडे त्या होत्या, आणि स्वयंपाकघरातल्या त्या टेबलावर रात्रभर कागद उतरवण्याचा सरावही होता.

१९४० च्या शिकागो येथील कृष्णवर्णीयांच्या प्रदर्शनासाठी ह्यूज आणि आर्ना बाँटाँ यांनी लिहिलेल्या ‘ट्रॉपिक्स आफ्टर डार्क’ या संगीतिकेतील गाण्यांना त्यांनी चाली दिल्या. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी अनेक नाट्यसंस्थांच्या संगीत दिग्दर्शक म्हणून काम केले. १९६० मध्ये ह्यूज यांच्या कवितांवर रॉबर्ट ग्लेन यांनी बेतलेले ‘शेक्सपिअर इन हार्लेम’ हे नाटक न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आले, त्याचे संगीत बाँड्स यांचे. हार्लेम ही न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांची वस्ती. तेथील रस्ता, बार, भाड्याची खोली, रविवारचे चर्च हे सगळे या नाटकात होते आणि त्याला शोभणारे ब्लूज आणि जॅझचे सूरही. सिम्फनीच्या मंचावर वाजवलेल्या कलावंत स्त्रीला हे काम कमी दर्जाचे वाटले नाही. शास्त्रीय आणि लोकप्रिय, चर्च आणि क्लब, अशा भिंती त्यांच्या संगीतात मुळातच नाहीत. गुलामांच्या भक्तिगीतांना, म्हणजे स्पिरिच्युअल्सना, त्यांनी दिलेले नवे रूप लिओंटिन प्राइस यांच्यासारख्या ऑपेरा गायिकेने जगभर नेले.

अडचण एवढीच की नाटक संपते. प्रयोग बंद झाला की संगीताचे कागद एखाद्या खोक्यात जातात. ते छापले जात नाहीत, ध्वनिमुद्रित होत नाहीत. समीक्षक नाटककाराविषयी लिहितात, नटांविषयी लिहितात, संगीताला एक ओळ मिळते. पुरुष संगीतकारांचेही असे होते, पण त्यांच्या बाबतीत प्रकाशक, विद्यापीठ, वारस यांपैकी कोणीतरी नंतर खोके उघडते.

ह्यूज यांच्याबरोबरचे त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे ‘द बॅलड ऑफ द ब्राउन किंग’. येशूच्या जन्माच्या कथेत भेटीला आलेल्या तीन राजांपैकी बाल्थझार हा कृष्णवर्णीय होता, अशी जुनी परंपरा आहे. नाताळच्या देखाव्यात तो कडेला उभा असतो. ह्यूज आणि बाँड्स यांनी त्यालाच नायक केले. वृंदगान आणि ऑर्केस्ट्रासाठीची ही रचना डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सादर झाली आणि ती त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना अर्पण केली. ज्या कथेत आपल्या माणसाला कोपऱ्यात ठेवले आहे, ती कथा त्याच्या जागेवरून पुन्हा सांगायची, ही रीत आपल्या जलशांना आणि आपल्या साहित्याला अनोळखी नाही.

पुढे चळवळ थेट त्यांच्या संगीतात आली. माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला होता. ज्या १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो बहिष्कार यशस्वी होऊन संपला. १९६४ मध्ये बाँड्स यांनी ‘माँटगोमेरी व्हेरिएशन्स’ ही सात भागांची ऑर्केस्ट्रा रचना लिहिली. एकाच स्पिरिच्युअलची चाल घेऊन ती निर्धार, प्रार्थनासभा, मोर्चा अशा टप्प्यांतून जाते. एक भाग १९६३ च्या सप्टेंबरमधील त्या रविवारचा आहे, ज्या दिवशी बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बॉम्बस्फोटात चार मुली मारल्या गेल्या. त्यानंतर विलाप येतो. संगीतात शब्द नाहीत, तरी ही एका चळवळीची बखर आहे, असे आम्हाला वाटते.

आणि मग ‘क्रेडो’. डु बॉइस यांनी १९०४ मध्ये लिहिलेले हे गद्यकाव्य म्हणजे त्यांचा जाहीर विश्वास : माणसांच्या समतेवर, आपल्या वंशाच्या स्वाभिमानावर, शांततेवर, स्वातंत्र्यावर. त्याची सुरुवात ईश्वरावरील श्रद्धेने होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्यासारख्यांचा मार्ग तेथे वेगळा होतो, हे सांगायला संकोच नको. पण पुढचे बहुतेक शब्द आपल्याला परके वाटणार नाहीत. डु बॉइस यांचे १९६३ मध्ये घानात निधन झाले होते. त्यांच्या पत्नी शर्ली ग्रॅहम डु बॉइस स्वतः संगीतकार होत्या. त्यांचा ‘टॉम-टॉम’ हा ऑपेरा १९३२ मध्ये क्लीव्हलँड येथे मोठ्या प्रमाणावर रंगला होता. त्यांच्या संमतीने बाँड्स यांनी ‘क्रेडो’ला संगीत दिले. १९६७ मध्ये पियानोच्या साथीने ते वॉशिंग्टनमध्ये गायले गेले.

त्याच १९६७ च्या मे महिन्यात ह्यूज गेले. बाँड्स खचल्या. न्यूयॉर्क, पती आणि मुलगी मागे ठेवून त्या लॉस एंजेलिसला निघून गेल्या. हा निर्णय घरच्यांना किती जड गेला असेल याची कल्पना करता येते. पुरुष कलावंताने असे केले असते तर त्याची एवढी चर्चा झाली नसती, हेही खरे. लॉस एंजेलिसमध्ये वॉट्स वस्तीतील १९६५ च्या उद्रेकानंतर उभ्या राहिलेल्या इनर सिटी कल्चरल सेंटरमध्ये त्या काम करू लागल्या. वेगवेगळ्या वर्णांच्या कलावंतांना एकत्र आणणारी ती नाट्यसंस्था होती. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्या पुन्हा मुलांना पियानो शिकवत होत्या आणि नाटकाच्या लोकांत होत्या.

२६ एप्रिल १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. वय ५९. त्यानंतर महिन्याभरातच लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने ‘क्रेडो’तील काही भाग सादर केले. संचालक होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. डु बॉइस यांचे शब्द, बाँड्स यांचे सूर आणि मुंबईच्या माणसाच्या हातातली छडी, असा योग जुळून आला. ते ऐकायला रचनाकार मात्र नव्हत्या.

त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. रचना कोणाच्या मालकीच्या, परवानगी कोणाकडे मागायची, हे गुंतागुंतीचे होऊन बसले आणि छापण्याचे काम रखडले. मुलीच्या मृत्यूनंतर त्यांच्या कागदांपैकी काही खोकी एका पुस्तक मेळ्यात विक्रीला आली, विकली गेली नाहीत आणि कचऱ्याच्या पेटीशेजारी पोहोचली होती, असे संशोधक सांगतात. तेथून ती वाचली आणि आज जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांच्या गुरू फ्लॉरेन्स प्राइस यांचेही तसेच. २००९ मध्ये इलिनॉय राज्यातील सेंट ॲन गावाजवळच्या एका मोडक्या घरात त्यांच्या रचनांचे गठ्ठे सापडले. ‘माँटगोमेरी व्हेरिएशन्स’ छापील स्वरूपात आली २०२० मध्ये, लिहिल्यानंतर ५६ वर्षांनी. ज्या वडिलांनी कृष्णवर्णीय स्त्रियांची चरित्रे जपण्यासाठी पुस्तक लिहिले, त्यांच्याच लेकीच्या कागदांची ही गत झाली.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला अशी खोकी दिसतात. पत्र्याच्या पेटीत भीमगीतांच्या वह्या असतात, आजीच्या हस्ताक्षरातल्या किंवा आजीने सांगून नातवाकडून लिहून घेतलेल्या. कोणत्या जलशात कोण पेटी वाजवायचे, चाल कोणी बांधली, हे विचारले की पुरुषांची नावे पटकन येतात. बायकांच्या बाबतीत ‘ती आमची मावशी गायची’ एवढ्यावर थांबते. चाल मावशीने बांधली होती का, हे आपण विचारत नाही. घर बदलताना, पावसाचे पाणी शिरल्यावर, या वह्या रद्दीत जातात. आपल्या विहारातील एखाद्या तरुणाने मोबाइलवर त्या पानांचे फोटो काढून ठेवले आणि मावशीचे पूर्ण नाव त्याखाली लिहिले, तर त्याला फार तर एक रविवार लागेल.

बाँड्स यांचे संगीत आता इंटरनेटवर ऐकायला मिळते. पाश्चात्त्य संगीताची सवय नसलेल्यांनी ‘ट्रबल्ड वॉटर’पासून सुरुवात करावी. एकट्या पियानोची ही छोटी रचना एका जुन्या स्पिरिच्युअलवर बांधलेली आहे. डाव्या हातात पाणी वाहत राहते आणि उजव्या हातात गुलामांचे गाणे येते. मग ‘ब्राउन किंग’ ऐकावे, आणि नंतर वेळ काढून ‘क्रेडो’.